एक कान त्यांचा, एक माझा

मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटे साडेपाचची पाळी.
कर्वे रस्त्यावर तेव्हा सिग्नलसुद्धा
पिवळा डोळा मिचकावत पेंगत असतात.
चार नंबरची खाट माझी. पाच नंबर आत्तारांची.

डावा हात गादीवर, दोन सुयांसकट.
चार तास तो माझा नाही.
रोझलीन सिस्टर रोज बजावते :
काका, हात हलला की मशीन बोंबलणार.
आणि ते बोंबलतं नेमकं कोमल निषादात.
हा शोध आत्तारांचा.
रविवार पेठेत चाळीस वर्षं अत्तर विकलेला माणूस,
नाकानं पक्का, आणि उरलेल्या एका कानानंही.

पहिले तीन महिने आम्ही बोललो नाही.
ते पुणेकर, मी पुणेकर;
कुणी ओळख करून दिल्याशिवाय बोलायचं कसं?
मग एका शनिवारी, माझा रिपोर्ट
माझ्या तोंडावरच छापलेला असावा,
त्यांनी दोन खाटांमधून वायर पुढे केली.
"डावा तुम्ही घ्या. माझा तो बाद आहे."

गाणं सत्तर-बहात्तरचं असेल. फार गाजलेलं नाही.
शेवटी, सगळी वाद्यं थांबल्यावर,
गाणारी बाई खुदकन हसते.
चुकूनच. पण कुणीतरी शहाण्यानं ते कापलं नाही.
"आलं का?" आत्तारांनी विचारलं.
आलं, म्हणालो.
त्या दिवशी पोहे गार होते, तरी खाल्ले.

माझी आवडती गाणी सगळी रडकी. कॉलेजपासून.
दुःखावर उतारा दुःखाचाच, असं माझं मत,
आणि मत बदलायची आमच्या घरात पद्धत नाही.
ते म्हणाले, "साहेब, नुसता मोगरा टिकत नाही.
खाली चंदनाचं तेल लागतं."

दिवसाला पाण्याचे पाच कप.
चहा धरून. आमटी धरून. गोळ्यांबरोबरचा घोट धरून.
आत्तारांकडे एक गाणं आहे,
त्यात दुसऱ्या कडव्याआधी कुणी घागर भरतं :
आधी पोकळ, मग निम्मी,
मग आवाज वर वर चढत काठाशी.
आम्ही दोघेही आवंढा गिळतो.
गाण्यातलं पाणी
तक्त्यात लिहावं लागत नाही.

मग एका गुरुवारी पाच नंबरवर
कडक इस्त्रीची चादर.
इथे विचारत नाहीत. मीही विचारलं नाही.
फोनवर तेच गाणं शोधलं,
पहिल्यांदाच दोन्ही कानांनी ऐकलं.
उजवीकडे व्हायोलिन होतं!
वर्षभर एक अख्खं व्हायोलिन
माझ्या शेजारी वाजत होतं, आणि मला पत्ता नाही.
गाणं पूर्ण झालं खरं. मन काही लागलं नाही.
मग डावा काढला, त्यांच्या बाजूनं ऐकू म्हणून.
व्हायोलिन थांबलं. शेवट आला.
शेवटी काही नव्हतं.
पुन्हा लावलं. पुन्हा काही नाही.
ते हसणं फक्त डाव्या बाजूला आहे.

शनिवारी आत्तार आले, हाताला मेंदीचा डाग.
पुतणीचं लग्न होतं खडकीला, पाळी बदलून घेतली होती.
बिर्याणी नुसती बघितली म्हणाले,
डीजेवाल्याला मात्र यादीनिशी शिव्या घातल्या.
सुया लागल्या. वायर आली.
मी मुकाट डावा घेतला.

सव्वातीन मिनिटं मी त्यांच्याकडे बघत होतो
आणि ते माझ्या तोंडाकडे,
जसे ते दर वेळी बघत आले होते,
आणि मला वाटायचं, सहजच.
"आलं का?"

या वेळी मी जरा मोठ्यानं हसलो.
हात हलला.
सिस्टर धावत आली.
कोमल निषाद.